दिघेसाहेबांची भूमिका

दिघेसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दहा-बारा माणसांच्या हातातली कचोरी खाली ठेवायला लावताना.

उत्तरेतल्या आमच्या गावात, नई सडकेवरच्या बँकेत मला नोकरी लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. दुपारी समोरच्या दुकानातून कचोऱ्यांची परात यायची आणि सगळे मागच्या खोलीत उभ्या उभ्या खायचे. त्या दिवशी परात आली, प्रत्येकाने एकेक उचलली, आणि दारातून आवाज आला, "खायच्या आधी एक मिनिट." उंच, सडसडीत माणूस. पांढरा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. आवाज जराही चढलेला नव्हता. त्यांनी सांगितलं की त्या दुकानात तळायला बसणाऱ्या माणसाने सुट्टी मागितली म्हणून मालकाने काल त्याच्या थोबाडीत मारली. मग सगळ्यांकडे एकदा पाहून म्हणाले, "आता ही कचोरी खायची तर त्यामागची तुमची भूमिका काय, तेवढं सांगा."

कोणाची काही भूमिका नव्हती. भूक होती. पण सगळ्यांनी कचोऱ्या परातीत ठेवल्या. मीही ठेवली. बँकेने दोन महिने त्या दुकानातून काही घेतलं नाही. खप कमी झाला तेव्हा मालकाने सगळ्यात आधी त्या तळणाऱ्यालाच काढून टाकलं. ही बातमी कोणीतरी दिघेसाहेबांना सांगितली. ते म्हणाले, "लढ्यात असं होतं." ते स्वतः घरून डब्यात मुरमुरे आणायचे.

तळणाऱ्याचं मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या दुपारी मात्र मी भारावून गेले होते. बावीस वर्षांची होते. इतक्या लहान गोष्टीतही बरोबर काय नि चूक काय हे ज्याला लगेच दिसतं असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

दिघे आमच्या कर्मचारी संघटनेचे चिटणीस होते. घराणं जुन्या दरबारी कारकुनांचं. आजोबा-पणजोबांनी सरदारांचे हिशेब लिहिले, याची त्यांना लाज वाटायची आणि ते ती बोलून दाखवायचे. बढती तीनदा आली, तीनदा नाकारली. रामसेवक नावाच्या शिपायाला खोट्या आरोपावरून काढलं होतं, तेव्हा ते रोज काम संपल्यावर मॅनेजरच्या खोलीबाहेर स्टुलावर येऊन बसायचे. घोषणा नाही, बोलणं नाही. सात वाजेपर्यंत बसायचे आणि घरी जायचे. दीड महिन्याने मॅनेजरने चौकशी पुन्हा उघडली आणि रामसेवक कामावर परत आला. त्याने हार आणला तर दिघ्यांनी तो गळ्यात घालू दिला नाही, दाराला बांधायला लावला. हे सगळं मी मुद्दाम लिहिते आहे. हे लिहिलं नाही तर आम्ही आठ-दहा शहाणीसुरती माणसं त्यांच्यामागे इतकी वर्षं का गेलो ते कोणाला कळणार नाही.

भूमिका हा त्यांचा शब्द होता. सिनेमा पाहून आलेल्याला ते सिनेमा आवडला का हे विचारत नसत, "भूमिका काय आहे त्याची?" असं विचारत. माझ्या लग्नाची पत्रिका घेऊन गेले तर पत्रिकेवरच्या गणपतीकडे बोट दाखवून तेच विचारलं. कोणी विनोद सांगितला तर त्यांचा चेहरा थोडा वेळ थांबायचा. विनोद कोणावर आहे हे ठरलं की मग हसायचे, किंवा नाही हसायचे. त्या थांबलेल्या चेहऱ्यासमोर विनोद सांगणारा हळूहळू विनोद सांगेनासा झाला.

त्यांच्याकडे पुस्तकं खूप होती. सगळ्यांना खाकी कव्हर, पाठीवर बारीक अक्षरात नाव. वाचताना ते समासात पेन्सिलने एकच शब्द लिहायचे. 'भ्रम.' 'पलायन.' 'रडगाणं.' मी एकदा त्यांच्याकडून कवितांचं पुस्तक आणलं होतं. आई गेल्यावर रिकाम्या स्वयंपाकघरावर लिहिलेली एक कविता होती त्यात. माझी आई जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. मी ती वाचून रडले आणि डोळे पुसताना समासात 'रडगाणं' दिसलं. मला माझ्या रडण्याची लाज वाटली. त्या लाजेची लाज वाटायला पुढे वीस वर्षं लागली.

रविवारी सकाळी नई सडकेवरच, एका रंगाच्या दुकानावरच्या खोलीत, त्यांचा अभ्यासवर्ग भरायचा. आठ-नऊ जणं असायचो. आधी देशात काय चाललंय त्यावर बोलणं, मग कोणी काही लिहिलं असेल तर त्याचं वाचन. खाली टर्पेंटाइनचा वास, वर आम्ही. वर्गात बाई मी एकटीच, म्हणून की माझं अक्षर चांगलं म्हणून, इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं.

विनायक निकम त्या वर्गात उशिरा आला. गावातल्या कंपू भागात, इस्पितळासमोरच्या औषधाच्या दुकानात तो कंपाउंडर होता. घरचे लोक कधीकाळी दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले; फौज गेली तेव्हा आजोबा दरवान झाले आणि वडील गिरणीत. बोलायचा कमी, आणि बोलायचा ते आमच्या गावच्या लष्कर भागातलं मराठी, अर्धं हिंदीत बुडालेलं. "मी काहीतरी लिहून राहिलोय, दिघेजी," असं तो वर्षभर म्हणत होता. एका हिवाळ्यात दोनशे पानांची, एकाच बाजूला लिहिलेली वही घेऊन आला. कादंबरी होती. नाव दिलं नव्हतं. त्याने मधलं एक प्रकरण वाचायला घेतलं.

प्रकरण त्याच्या वडिलांवर होतं. गिरणीत संप चालू आहे. महिना झाला आहे. घरात धाकट्या मुलीला टायफॉइड. एका पहाटे वडील मागच्या फाटकातून कामावर जातात. संध्याकाळी परततात तेव्हा वस्तीतले लोक गल्लीच्या दोन्ही बाजूंना उभे असतात. कोणी हात उगारत नाही. थुंकतात. वडील घरी पोचतात, बायको पुढे होते तर तिला शर्टाला हात लावू देत नाहीत. आयुष्यात कधी रुमालसुद्धा न धुतलेला तो माणूस शर्ट काढून चौकातल्या नळावर जातो. नळावरची माणसं आपापली भांडी उचलून बाजूला होतात. पाणी गेलेलं असतं. तेव्हा करीम नावाचा एक विणकर, तोही संपावरच, आपली भरलेली बादली पायाने वडिलांकडे सरकवतो आणि पाठ करून उभा राहतो. वडील शर्ट धुतात. डाग जातात. तरी धूत राहतात. अंधार पडतो, दारात उभी असलेली बायको हाक मारते, तरी धूत राहतात.

विनायकने वही मिटली. गोडबोले नावाचे आमच्यातले एक गृहस्थ, शाळेत गणित शिकवायचे, ते खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मी लिहायचं विसरले होते. असं काही आपल्या गावात, आपल्या बोलीत, आपल्यातलंच कोणी लिहितं आहे, यावर विश्वास बसत नव्हता.

दिघे म्हणाले, "निकम, तुझी भूमिका काय आहे?"

"कशाबद्दल, दिघेजी?"

"या माणसाने संप मोडला. तो बरोबर की चूक?"

विनायकने वहीवर हात ठेवला. "ते मला कळलं असतं तर लिहिलं कशाला असतं?"

"ते कळत नसेल तर लिहूच नये." दिघ्यांचा आवाज तसाच होता, शांत, समजावणारा. "तू वाचकाला संप फोडणाऱ्याबद्दल रडायला लावतो आहेस. गोडबोले रडले. उद्या हजार गोडबोले रडतील आणि परवा मागच्या फाटकातून आत जातील. करीमचं पात्र तेवढं चांगलं आहे. त्यात एकजूट दिसते. बाकीचं घातक आहे."

"पण असंच झालं होतं."

"झालं असेल. पुढे एक पान घाल. वडिलांना आपली चूक उमगते आणि ते वस्तीसमोर ती कबूल करतात. एक पान फक्त. मग मी स्वतः छापून आणतो."

"त्यांनी कबूल नाही केली, दिघेजी. ते शर्ट धूत राहिले."

"मग तू तुझ्या बापाच्या बाजूने लिहितो आहेस, कामगारांच्या नाही."

विनायकच्या वडिलांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. दिघे स्वतः स्मशानात आले होते, खांदाही दिला होता.

मग ठराव झाला. सदर लेखन कामगार चळवळीला मारक आहे, लेखकाने ते मागे घ्यावं व योग्य त्या दुरुस्तीसह पुन्हा सादर करावं, तोवर वर्गातल्या कोणी त्याच्या प्रकाशनाला मदत करू नये. दिघ्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'मारक' की 'घातक' यावर थोडी चर्चा झाली आणि 'मारक' ठरलं. हात वर करायला सांगितले. गोडबोल्यांनी केला, डोळे लाल होते तरी. मी उजव्या हाताने लिहीत होते म्हणून डावा वर केला.

विनायकने आमच्याकडे रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तो विचारात पडल्यासारखा दिसत होता. वही पिशवीत घालून म्हणाला, "बघतो. एका पानाचंच आहे."

पुण्याचे एक प्रकाशक ती कादंबरी वाचायला तयार झाले होते. दिघ्यांना हे कळल्यावर त्यांनी त्यांना पत्र पाठवलं. लपूनछपून नाही, पत्राची प्रत विनायकला दिली आणि दुसरी माझ्याकडे, दप्तरी लावायला. पत्रात शिवीगाळ नव्हती, खोटं नव्हतं. लेखकात गुण आहेत, पण दृष्टी अपुरी आहे, घाई करू नये, एवढंच. प्रकाशकांनी घाई केली नाही. वही न उघडताच परत आली असं विनायक म्हणायचा, दोरीची गाठ त्याचीच होती म्हणून.

तो वर्गात यायचा थांबला. सासूबाईंच्या औषधांसाठी मी त्याच्या दुकानात जायची. एकदा धीर करून विचारलं, "काय लिहून राहिलात सध्या?" त्याने पुडी बांधली, तिच्यावर पेनाने काहीतरी लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, जेवणानंतर. "हे," म्हणाला आणि हसला. मीही हसले.

नंतरची काही वर्षं सगळ्यांसाठीच वाईट गेली. गिरणी बंद पडली. तिच्या नावाने जी चळवळ उभी होती ती हळूहळू बसली. रंगाचं दुकान विकलं गेलं आणि खोलीही गेली. दिघ्यांच्या पत्नी वारल्या. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेली. ते बँकेत यायचे, काम करायचे, जायचे. दोन-तीन वर्षं त्यांनी कोणाला काहीच विचारलं नाही. त्या काळात त्यांच्याकडे पाहून मला कळवळा यायचा. एकदा दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन नुसते उभे राहिले. मी म्हटलं, "काय दिघेसाहेब?" तर म्हणाले, "काही नाही. कशाचं काही कळेनासं झालंय." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात माणसासारखं वाक्य ते तेवढंच.

ती अवस्था त्यांना सोसली नाही. आधी ते कोणाच्या तरी प्रवचनाला जाऊ लागले, मग एका शिबिराला, मग दुसऱ्या. निवृत्त झाले तोवर इथल्या एका हिंदी दैनिकात त्यांचं आठवड्याचं सदर सुरू झालं होतं. कपाळावर गंध आलं. मी एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा जुनी पुस्तकं रद्दीत गेली होती आणि नवी त्याच फळ्यांवर, त्याच क्रमाने, त्याच खाकी कव्हरात लावलेली होती. एक उघडून पाहिलं. समासात पेन्सिलने शब्द होता, 'विकृती'. पुढे एका पानावर 'द्रोह'.

माणसाने विचार बदलावेत. मीही बदलले आहेत. ते या टोकाचे त्या टोकाला गेले याचं मला दुःख नव्हतं. जाताना त्यांनी वाटेत कुठे थांबून मागे वळून पाहिलं नाही, याचा राग होता, आणि आहे.

टोपी बाजारात रशीदमियाँ म्हणून एक पुस्तकबांधणीवाले होते. अभ्यासवर्गाच्या हस्तलिखित पत्रिकेचे सगळे अंक, दिघ्यांची निम्मी पुस्तकं, माझी इतिवृत्ताची वहीसुद्धा त्यांनी बांधली होती. दिघे त्यांना भर बाजारात कॉम्रेड म्हणून हाक मारायचे आणि ते हसून सलाम करायचे. आता दिघ्यांनी सदरात लिहिलं की आपण आपलं काम कोणाकडून करून घेतो यामागे भूमिका असली पाहिजे. नाव घेतलं नव्हतं. पण मराठी मंडळाच्या वाचनालयाची पुस्तकं रशीदमियाँकडे जायची ती बंद झाली. ते काम दिघ्यांनीच मिळवून दिलं होतं.

मी रशीदमियाँकडे मुलाच्या प्रबंधाची बांधणी करून घ्यायला गेले होते. खळीत बुडवलेला ब्रश हातात धरून ते म्हणाले, "बहनजी, दिघे साहब को बुरा मत कहिए. पहले जब गले लगाते थे तब भी मेरी शकल नहीं देखते थे. अब भी नहीं देखते. मेरा तो वही हिसाब है."

मी हे दिघ्यांना जाऊन सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "व्यक्तीचा प्रश्नच नाही, कुंदाताई." कधीच नव्हता.

मागच्या वर्षी विनायक गेला. दुकानातून घरी आला, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेला. मराठी मंडळात शोकसभा झाली. पंधरा-वीस माणसं, बहुतेक सगळी साठीपुढची. अध्यक्ष दिघे, आता ऐंशीला आलेले, हातात काठी, पण पाठ ताठ. पहिल्या रांगेत विनायकची बायको सुनंदा आणि मुलगा. मुलगा नोएडात असतो, मराठी समजतं पण वाचता येत नाही.

दिघे वीस मिनिटं बोलले. म्हणाले, या गावात एक मोठा कादंबरीकार होऊन गेला असता. त्याच्या हातात खरं जगणं होतं. पण त्या काळी इथे एका विशिष्ट विचारसरणीच्या लोकांचा पगडा होता. त्या लोकांनी या कोवळ्या लेखकाचा गळा घोटला, त्याची कादंबरी मारली. आज आपण त्या पापाचं परिमार्जन केलं पाहिजे.

मी ऐकत होते आणि वाट पाहत होते. मला वाटत होतं की पुढच्या वाक्यात ते म्हणतील, त्या लोकांत मी होतो. त्यांचा आवाज भरून आला, तेव्हा वाटलं, आता म्हणतील. ते म्हणाले नाहीत. गोडबोले जिवंत असते तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. आता त्या खोलीतली जिवंत माणसं दोनच होती, एक व्यासपीठावर होतं आणि एक तिसऱ्या रांगेत. तिसऱ्या रांगेतलंही गप्प बसलं.

त्यांनी जाहीर केलं की कादंबरी त्यांनी निवृत्तीनंतर काढलेला प्रकाशन न्यास छापेल. चार दिवसांनी मला फोन आला. "तुमची ओळख आहे ना निकमच्या घरी? चला माझ्याबरोबर. हस्तलिखित ताब्यात घेऊ." मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला ते प्रकरण पुन्हा वाचायचं होतं. इतक्या वर्षांत तो नळ आणि तो शर्ट माझ्या डोक्यातून गेला नव्हता.

कंपूत गल्लीच्या टोकाला दोन खोल्या. सुनंदाने आम्हाला बसवलं, चहा ठेवला आणि कपाटातून कापडात बांधलेला गठ्ठा आणला. वरती ती जुनी वही. खाली सुट्या कागदांची चळत, दुकानाची पाठकोरी बिलं.

"हे काय?" मी विचारलं.

"ते पान," सुनंदा म्हणाली. "दिघेजींनी सांगितलं होतं ना, एक पान घाला म्हणून. आधी कधीमधी बसायचे. मागच्या सहा-सात वर्षांत तर रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, लिहायचे नि बहुतेक फाडून टाकायचे. मी म्हणायची, सोडून द्या ना आता. तर म्हणायचे, नाही, दिघेजींचं बरोबर आहे, काहीतरी कमी आहे त्यात, मला जमून नाही राहिलं."

मी कागद उलटू लागले. प्रत्येकाच्या डोक्यावर एकच आकडा होता, १४२. पहिल्या काही पानांवर शाई फिकी झालेली, शेवटच्यांवर अक्षर थरथरतं. मी मोजली नाहीत, पण तीस-चाळीस तरी असतील. एकात वडील पंचांसमोर हात जोडतात. एकात संपाच्या मंडपात जाऊन भाषण करतात. एकात मरताना मुलाला बोलावून चूक कबूल करतात. एकात गिरणीच्या फाटकावर डोकं आपटतात. प्रत्येक पानावर वडील बोलत होते, लांबलचक, पुस्तकी मराठीत. विनायकचं वाटावं असं एकही वाक्य त्यात नव्हतं.

मी वही उघडली. १४१ होतं, करीम बादली सरकवतो तिथे संपलेलं. पुढे १४३. मधलं पान मुळापासून कापून काढलेलं होतं. गठ्ठ्यात शोधलं, दोनदा शोधलं. ते कुठेच नव्हतं.

दिघे भिंग लावून एकेक कागद वाचत होते. चहा थंड झाला. अखेरीस त्यांनी एक कागद बाजूला काढला. "हे घेऊ. यात भूमिका स्पष्ट आहे." मग वहीकडे वळले. "आणि आधीच्या पानावर किरकोळ बदल करावा लागेल. बादली देणारा करीम नको. काशीनाथ करू. वाचकाला काही फरक पडत नाही."

सुनंदा पुढे सरकली. "करीमचाचा खरे होते," ती म्हणाली. "माझ्या लग्नात आले होते. सासरे शेवटपर्यंत त्यांचं नाव काढायचे."

"असतील. पण घडलेलं सगळं लिहायचं नसतं, वहिनी."

सुनंदाने हात पुढे करून त्यांच्या हातातला कागद घेतला. तो चळतीत ठेवला, वही वर ठेवली, कापडाला गाठ मारली. घाई नव्हती, चिडणंही नव्हतं. "हे इथंच राहू द्या," म्हणाली. "मुलाला वाचता येत नाही, मी पण कधी पूर्ण वाचलं नाही. पण राहू द्या."

दिघे समजावू लागले. परिमार्जन, पुढची पिढी, न्यासाची तयारी. ती ऐकत होती आणि गठ्ठा तिच्या मांडीवर होता. ते थांबले तेव्हा तिने मला विचारलं, "ताई, तुम्ही पण होतात ना तिथे? जेव्हा ह्यांनी वाचलं होतं?"

"होते."

"त्यांनी कधी कोणाचं नाव नाही घेतलं. फक्त म्हणायचे, सगळ्यांना पसंत नाही पडलं."

"मी हात वर केला होता," मी म्हटलं. "मला आवडलं होतं. तरी केला होता."

तिने मान हलवली. मला माफ केलं असं काही त्यात नव्हतं. मग विचारलं, "काय होतं त्या कापलेल्या पानावर?"

मी सांगितलं. बादली, पाठ करून उभा राहिलेला करीम, नळाजवळचा अंधार, दारातून मारलेली हाक, डाग गेल्यावरही धुतला जाणारा शर्ट. मला जेवढं आठवत होतं तेवढं, माझ्या शब्दांत. माझे शब्द काही त्याचे नव्हेत. सुनंदा पदराने गठ्ठ्यावरची धूळ पुसत होती, तिथे धूळ नव्हती. दिघे काठी हातात घेऊन उठले आणि म्हणाले, "चला, ऊन वाढलंय."

बाहेर कंपूचा रस्ता होता. अँब्युलन्स, ई-रिक्षा, फळांचे ठेले, इस्पितळातून येणारी-जाणारी माणसं. दिघ्यांना आता रस्ता एकट्याने ओलांडता येत नाही. त्यांनी माझा दंड धरला. त्यांचा हात हलका होता, हाडंच हाडं. एका बाजूने रिक्षांची रांग येत होती म्हणून आम्ही मध्येच थांबलो. ते समोर बघत होते. चेहरा शांत, काहीसा खिन्न. जुन्या ओळखीच्या माणसाबद्दल वाटावा तसा जिव्हाळा आवाजात.

"निकमला लिहिता येत होतं हो, कुंदाताई," ते म्हणाले. "फक्त तो कोणाचं ऐकायचा नाही."

रिक्षा गेल्या. मी त्यांना पलीकडे नेलं. एक ई-रिक्षा थांबवली, आत बसवलं, काठी हातात दिली. त्यांनी धोतर नीट केलं, चालकाला घरचा पत्ता सांगितला आणि समाधानाने समोर पाहत निघून गेले.